शुक्रवारचं चारचं लाइव्ह

हडपसर, गुरुवार

प्रिय वहिनी,

तुझ्या जबड्याच्या तारा अजून निघाल्या नसतील आणि तुझा फोन पोलिसांकडे आहे, त्यामुळे तुझ्याशी बोलायचं तर पत्रच लिहायला हवं. माझा फोनही राहिलेला नाही. कालपासून ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, कपड्यांचे फोटो काढायच्या पांढऱ्या पडद्यामागे बसून लिहिते आहे. अक्षर थोडं वाकडं येईल. डाव्या हाताने कागद धरता येत नाही, मनगटाने दाबून ठेवलाय. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी तुला सावध करते. दादा जामिनावर सुटून घरी आला, त्याला परवा मंगळवारी आठवडा झाला. आईने दारात त्याच्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, औक्षण केलं. अण्णांनी पेढे आणले. गल्लीतली माणसं येऊन खाऊन गेली आणि तुझं नाव एकानेही काढलं नाही. जेवताना दादा म्हणाला, "निम्मंच काम झालंय. तोंड बंद झालं, बाई अजून चालती हाय." आई म्हणाली, "आधी भाकरी खा, गार होतीय." मी वाढत होते. हे शब्द जसेच्या तसे लिहिलेत, त्यात माझं काही नाही. कोर्टाने त्याला कोथरूडमध्ये पाय ठेवायला मनाई केली आहे, पण कागद वाचून थांबणारा माणूस तो नाही हे तुला मी सांगायला नको. हमीदाआपांच्या शिलाईच्या दुकानावरच्या माडीवर एकटी राहू नकोस. जिन्याचं खालचं दार दिवसाही लावून घेत जा.

तू लग्न होऊन मांजरीला आलीस तेव्हा माझी खोली तुमच्या खोलीला लागून होती. मधली भिंत चार इंचांची. तिसऱ्या का चौथ्या महिन्यात एका दुपारी पलीकडून ओली गोधडी दगडावर आपटल्यासारखा आवाज यायला लागला. मला वाटलं, आई धुणं धुतेय. पण आई माझ्यासमोरच शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "टीव्हीचा आवाज वाढव." मी वाढवला. पुढे सहा वर्षं मी तो वाढवतच राहिले, वहिनी. त्याने तुला केसांना धरून अंगणातून ओढत नेलं, तेव्हा बांधावर ऊसतोडीची माणसं जेवायला बसली होती. त्यांनी माना खाली घातल्या, आणि मी आत जाऊन खिडकी लावली. तू न विचारता माहेरी फोन केलास म्हणून त्याने तुझा हात कपाटात धरला आणि दार लोटलं. दवाखान्यात तुझ्यासोबत मीच होते. डॉक्टरांना "दार वाऱ्याने आपटलं" हे सांगणारीही मीच. तू तेव्हा माझ्याकडे बघितलं होतंस. तू नंतर कधी तो विषय काढला नाहीस, मीही नाही.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू दोन बॅगा घेऊन निघून गेलीस. दागिने आईच्या कुलपात होते, त्यामुळे बॅगांत फक्त कपडे. तुझे ड्रेस आणि आहेरात आलेल्या चाळीस साड्या. आपल्याकडे आहेराच्या साड्या कोणी नेसत नाही, पुढच्या लग्नात पुढे सरकवतात. महिनाभर आई ओरडत होती, "अब्रू नेली ती नेली, आता तुळशीच्या लग्नानंतर दारात पत्रिकांचा ढीग पडंल, कुणाला काय देऊ?" तुला त्या वेळी सांगता आलं नाही म्हणून आता सांगते, मी मागल्या दारी जाऊन पोट धरून हसले होते.

त्या साड्या तू ऑनलाइन विकायला काढल्यास हे मला आमच्या ऑफिसातल्या एका मुलीकडून कळलं. तुझी पहिली पोस्ट सात जणांनी बघितली होती, त्यातली तीनदा बघणारी मीच. फुलाफुलांच्या चादरीवर पसरलेली साडी, वर ट्यूबलाइट, कोपऱ्यात तुझा अंगठा. पाच वर्षं ऑनलाइन कंपनीच्या गोदामात कपड्यांचे फोटो काढणाऱ्या बाईला ते बघवेना. 'रंगीत पदर' नावाचं खोटं खातं काढून मी लिहिलं, "ताई, फोटो खिडकीपाशी काढा." तू उत्तर दिलंस, "खिडकीपाशी गॅस आहे." मी लिहिलं, "मग गॅस हलवा." दहा मिनिटांनी तुझा मेसेज आला, "एवढा आगाऊपणा आख्ख्या पुण्यात एकच बाई करते. वन्सं, तुम्ही का?"

त्या दिवसापासून आपण पुन्हा बोलायला लागलो. मला वाटायचं, सहा वर्षांची भरपाई मी अशी करतेय. कपडा चादरीवर पसरू नकोस, अंगावर घाल. सकाळचं ऊन बाजूने येऊ दे. पहिला फोटो आख्ख्या कपड्याचा, दुसरा लगेच त्याच्या दोषाचा. डाग, उसवलेली शिवण, उडालेला रंग. बाई आधी दोषच शोधते. तो आपणच दाखवला की बाकीच्यावर विश्वास ठेवते. छाती आणि उंची टेप लावून दाखव, नुसतं 'मीडियम' लिहू नकोस. चेहरा दाखवू नकोस; लोक कपडा सोडून चेहरा बघत बसतात आणि तुला कोणी ओळखायलाही नको. म्हणून आपण फोन खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच दिसेल असा बांधला. लाइव्ह दर शुक्रवारी चारला, कारण एक ते चार पुण्यात कोणी जागं नसतं आणि साडेपाचला कुकर लावायचा असतो. मध्येच फोन आला की लाइव्ह तुटतं, बघणाऱ्या बायका परत येत नाहीत, म्हणून तीन वाजल्यापासूनच येणारे फोन बंद करून ठेव. हे सगळं मी शिकवलं आणि तू शिकलीस. सातचे सत्तर झाले, सत्तरचे सातशे.

मग तो राणी रंगाचा ड्रेस आला. डाव्या खांद्याची शिवण टराटरा फाटलेली, हमीदाआपांनी आतून पट्टी लावून शिवलेली. तू नेहमीसारखा दोष आधी दाखवलास. कोणीतरी विचारलं, "कसा फाटला?" तू म्हणालीस, "ओढला." दुसरीने विचारलं, "कोणी?" तू टेप गुंडाळत म्हणालीस, "नवऱ्याने. आता शिवण पक्की केलीय, दुसऱ्यांदा फाटणार नाही. छाती अडतीस, उंची बेचाळीस." आणि पुढचा कपडा घेतलास. तेवढा तुकडा चाळीस हजार लोकांनी बघितला. पुढच्या आठवड्यापासून कुठून कुठून बायका त्यांचे कपडे तुझ्याकडे विकायला पाठवायला लागल्या. बाही उपटलेले, गळा फाटलेले, एकावर तर तवा टेकवल्याचा गोल डाग होता. तू प्रत्येकाचा दोष दाखवायचीस आणि जिचा कपडा तिने लिहून दिलेलं एक वाक्य वाचायचीस. मला अभिमान वाटला. मी म्हटलं, हेच चालव, यानेच बघणारे वाढतायत. ते मांजरीतही वाढतायत हे माझ्या डोक्यात आलं नाही.

कटिंगच्या दुकानात कोणीतरी दादाला तो तुकडा दाखवला. "पृथ्वीराजशेठ, आवाज वळखीचा वाटतोय का बघा." चेहरा नव्हता, पण आवाज होता. त्या दिवशी घरी येऊन त्याने अंगणातल्या कुत्रीला लाथ घातली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. त्यानंतर तो तुझा पत्ता शोधत होता, आणि पत्ता त्याला कुठेच मिळत नव्हता.

पत्ता मी दिला, वहिनी. तोंडाने नाही. नवा कपडा टाकल्या टाकल्या विकला गेला की बाकीचेही लोकांना जास्त दिसतात, म्हणून मी अधूनमधून एखादी वस्तू स्वतःच घ्यायचे आणि ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचे. त्या आठवड्यात मी आईसाठी मिक्सर मागवला होता, त्यामुळे घरचा पत्ता वर येऊन बसला होता. घाईत मी तो न बघता बटण दाबलं. गुरुवारी दुपारी पार्सल मांजरीला आलं. अण्णांनी सही करून घेतलं आणि पडवीतल्या खाटेवर ठेवलं. पाठवणाऱ्याचं नाव हमीदा टेलर्स, खाली कोथरूडची गल्ली, दुकानाचा नंबर. सगळं तुझ्या हाताने निळ्या पेनने लिहिलेलं. तुझा 'थ' कसा असतो हे लग्नाला आठ वर्षं झालेल्या नवऱ्याला माहीत असणारच. मी संध्याकाळी आले तेव्हा पार्सल खाटेवरच होतं, न फोडलेलं. मी ते उचलून आत नेलं आणि कोणी बघितलं नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडला.

शुक्रवारी मी सुट्टी घेतली होती. तीनला दादा बाहेर पडला आणि त्याच्या हातात नवंकोरं हेल्मेट होतं. जन्मात त्याने हेल्मेट घातलं नव्हतं. पोलिसांनी पकडलं की पावती फाडायचा, पण डोक्यावर चढवायचा नाही. तो दारातच ते घालून, काच खाली ओढून निघाला. तुला फोन लावत राहिले. सव्वीस वेळा. तीननंतर तुझा फोन घेत नव्हता, कारण मीच तसं शिकवलं होतं. हमीदाआपांचा नंबर माझ्याकडे नव्हता. एकशे बारा फिरवता आला असता. तो मी फिरवला नाही. दादाचं नाव पोलिसांत जाईल, आणि तो कदाचित नुसता आरडाओरडा करून परत येईल, असं मी स्वतःला सांगत बसले. चारला तुझं लाइव्ह सुरू झालं. मी कमेंटमध्ये लिहिलं, "दार लाव. दादा कोथरूडला निघालाय." ते वर सरकून गेलं. पुन्हा लिहिलं. अकरा वेळा. "साइज सांगा", "किंमत?", "ताई, निळा कुर्ता परत दाखवा", यांच्या मध्ये माझी ओळ दिसायच्या आत दिसेनाशी होत होती. सातच जण बघत असते, तर तू ती वाचली असतीस.

पुढचं तुझ्या अंगावर झालं, पण तू बघितलेलं नाहीस. मी बघितलं. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच्या त्या चौकटीत आधी त्याचा चेकचा शर्ट आला. मग त्याने कपड्यांच्या स्टँडचा आडवा लोखंडी पाइप खेचून काढला, हँगर खळाखळा खाली पडले. पहिला फटका तू हातावर घेतलास. ऊस मोडावा तसा आवाज आला. दुसरा हातावरच. तिसरा चौकटीच्या वर बसला, तो दिसला नाही, नुसता ऐकू आला, आणि मग निळ्या कुर्त्यावर लाल धार उतरली. खाली पडल्यावर तू फक्त पाठीपुरती दिसत होतीस. तो पाइप टाकून बुटाने मारायला लागला. बघणाऱ्यांचा आकडा तीनशेवरून हजारावर गेला, मग चार हजार. कोणी लिहिलं, "नाटक आहे का?" "कोणीतरी पोलिसांना फोन करा" असं कित्येकींनी लिहिलं; फोन एकीने केला, असं नंतर कळलं. मग हमीदाआपा आल्या, हातात तापलेली इस्त्री. त्यांनी ती त्याच्या मनगटावर टेकवली आणि दाबून धरली. तो ओरडला तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. आपांना ढकलून तो जिना उतरला. त्यांचं शिलाई मशीन लाथेने पाडलेलं ऐकू आलं.

सव्वासहाला तो घरी आला. हेल्मेट अण्णांनी कालव्यात टाकलं. शर्ट आईने माझ्यापुढे टाकला. "गार पाण्यात मीठ घालून भिजव. गरम घालू नको, डाग बसंल." मी भिजवला, चोळला, पिळला. स्वच्छ निघाला. तुझं रक्त होतं ते.

तुझ्या वकिलांनी, सौमित्र सरांनी, तुला सांगितलंच असेल की चित्रफितीत तोंड दिसत नाही, आपांनी नुसतं हेल्मेट बघितलं, तू ओळखलंस पण तू तर नवऱ्यावर रागावलेली बायको. आणि घरातल्या एका बाईच्या जबाबावर त्याला जामीन मिळाला. तुला वाटलं असेल, आई. आईला पोलिसांनी विचारलंच नाही. तो जबाब माझा आहे. "दादा दिवसभर घरी होता. चारला मी त्याला चहा दिला. हात गाडीच्या सायलेन्सरला भाजला, मीच हळद लावली." मी सांगितलं, त्यांनी लिहिलं, मी सही केली. मला कोणी मारलं नाही, धमकावलं नाही. आईने फक्त माझ्याकडे बघितलं. एवढंच लागलं.

दादा सुटून आला त्याच्या चौथ्या दिवशी त्याने माझा फोन उघडला आणि त्यात 'रंगीत पदर' सापडलं. त्याने फोन पाट्यावर वरवंट्याने ठेचला. मग मला तुमच्या खोलीत नेलं, कपाट उघडलं, माझी डावी बोटं दाराच्या फटीत ठेवली आणि दार लोटलं. दोनदा. मला ऐकू येत होतं, बाहेर आईने टीव्हीचा आवाज वाढवला. दवाखान्यात मी डॉक्टरांना "दार वाऱ्याने आपटलं" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं होतं तसंच. तेव्हापासून दादा मला सकाळी गाडीवरून ऑफिसच्या फाटकात सोडतो आणि संध्याकाळी तिथेच घ्यायला उभा असतो. खातं पुसलं, म्हणजे सगळं पुसलं असं त्याला वाटतं. पण बघणाऱ्यांपैकी एका बाईने ते लाइव्ह स्वतःच्या फोनवर टिपून पोलिसांना दिलंय, आणि त्यात कमेंट सरकताना दिसतात. चार वाजून सात मिनिटांनी 'रंगीत पदर' लिहिते आहे की दादा कोथरूडला निघालाय. ही 'रंगीत पदर' कोण, हे कोणी विचारलेलं नाही.

मी ऑफिसच्या फोनवरून सौमित्र सरांशी बोलले. सोमवारी अकरा वाजता शिवाजीनगरच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटसमोर मी पहिला जबाब खोटा होता म्हणून सांगणार आहे. त्याबद्दल मला शिक्षा होऊ शकते, असं ते म्हणाले. होऊ दे. सकाळी दादा मला फाटकात सोडेल. मी आत जाऊन मागच्या, माल चढवायच्या दाराने बाहेर पडेन. तो फाटकाशी किती वेळ थांबतो ते मला माहीत नाही. हल्ली थांबतो. मी कोर्टापर्यंत पोहोचेन याची खात्री नाही, आणि त्यासाठीच हे पत्र लिहिलं. तुला मिळेल तोवर सोमवार होऊन गेलेला असेल, आणि मी पोहोचले की नाही ते तुला कळलेलं असेल. नसेन पोहोचले, तर हे वकिलांना दे. मी, शर्मिला सर्जेराव शेवकर, राहणार मांजरी, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देते की त्या शुक्रवारी दुपारी तीनपासून संध्याकाळी सव्वासहापर्यंत माझा सख्खा भाऊ पृथ्वीराज घरी नव्हता. मी त्याला चहा दिला नाही. त्याचा हात सायलेन्सरने भाजलेला नाही. रक्ताने भरलेला त्याचा शर्ट मी माझ्या हाताने धुतला. 'रंगीत पदर' मीच. प्रत्येक पानावर खाली सही आणि तारीख घातली आहे. पोहोचले असेन, तर हे पत्र फाडून टाक. माफी मागितलेली नाही, ती या कागदावर मागण्यासारखी नाही. तारा निघाल्या की पहिलं काय बोलायचं ते ठरवून ठेव, आणि ते मला तोंडावर बोल. मी ऐकून घेईन.

तुझीच वन्सं,
शर्मिला